दुर्बिणीसमोर टांगलेलं कापड

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विणलेलं कापड गेलं वर्षभर माझ्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात होतं. खालच्या खणात, जुन्या कीबोर्डांच्या खोक्यामागे. सोलापुरातल्या लोकांच्या मनात मात्र ते अजून आमच्या दुर्बिणीसमोर टांगलेलं होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर, आमच्या गल्लीत, मैंदर्गीला चुलत्यांच्या घरी, सगळीकडे ते टांगलेलंच होतं. फोनवर आप्पा विचारायचे, "कापड बरं हाय न्हवं?" मी म्हणायचे, "बरं आहे आप्पा." तसं ते खोटंही नव्हतं. कपाटात मी डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या.

मग आप्पा कामावरून रिटायर झाले, आणि एका रविवारी म्हणाले, "आता येतो आमी दोघं. तुझं घर बघायचंच हाय. पर आदी कापड बघायचं."

तेव्हापासून माझी झोप गेली.

माझं शिक्षण सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. हे मी लपवत नाही, चार लोकांत आधी तेच सांगते. आप्पा एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. माग बंद पडला की विणणारा हात वर करतो आणि जॉबर पाना घेऊन धावतो. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळं हाताने चालतं. आप्पांचे कान त्या आवाजातच बरेचसे गेले; फोन कानाला दाबून धरला आणि मोठ्याने बोललं तर ऐकू येतं. घरातही आम्ही त्यांच्याशी निम्मं हातानेच बोलतो. अव्वा, म्हणजे आई, त्यांच्याशी कानडीत बोलते, मोठ्याने, आणि शेजारच्यांना वाटतं भांडण चाललंय.

सोलापुरात बी.एस्सी., पुण्यात एम.एस्सी., मग पीएच.डी., मग परदेशात दोन ठिकाणी कंत्राटावर संशोधन. नातेवाईक विचारायचे, "अजून शाळा संपली न्हाय व्हय तुजी?" माझ्या कामाचं बाकी काही कळलं नाही तरी आप्पांना ते कंत्राट बरोबर कळलं. "म्हंजे बदली कामगार," ते म्हणाले. "हजेरी रोज, भरवसा न्हाय." मला राग आला होता. पण तारे बघणाऱ्यांच्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन मी अजून दुसरं ऐकलेलं नाही. शेवटी डोंगरावर वेधशाळा असलेल्या एका संस्थेत मला कायमची नोकरी लागली, तेव्हा आप्पांनी कारखान्यात पेढे वाटले. पोरगी पर्मनंट झाली म्हणून.

आता कापडाचं. कुठलाही कॅमेरा निर्दोष नसतो. कुठे धूळ बसलेली असते, कुठे एखादा ठिपका कमी उजेड घेतो. ताऱ्याचा उजेड मोजण्याआधी आपल्याच कॅमेऱ्याचे डाग ओळखावे लागतात. त्यासाठी डोम बंद करून, आत एका पांढऱ्या पडद्यावर दिवे सोडून, दुर्बिणीतून त्या पडद्याचे फोटो घेतात. पडदा तर सगळीकडे सारखाच पांढरा. मग फोटोत जे काही कमीजास्त दिसेल ते कॅमेऱ्याचं. ताऱ्यांच्या फोटोला त्या पडद्याच्या फोटोने भागलं की डाग निघून जातात. या फोटोंना आम्ही फ्लॅट म्हणतो. सगळ्या जगात असंच करतात. ताऱ्यांच्या शास्त्राचा पाया म्हणजे एक कोरा पडदा, असं मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा ते हसतात.

आमचा पडदा डोंगरावरच्या ओलीने पिवळा पडला होता. नवा मागवायचा तर कागदपत्रांना किती महिने लागतील सांगता येत नव्हतं. एका मीटिंगमध्ये मी म्हणाले, "तोपर्यंत कापड लावू. मी सोलापूरची आहे." आमचे प्रमुख हसून म्हणाले, "टॉवेल लावू नका म्हणजे झालं." सगळे हसले. मीही हसले. पण ते मनात राहिलं. त्या हसण्याला उत्तर म्हणूनच मी ते कापड आणलं, हे आज मला कळतं. तेव्हा वाटत होतं की मी दुर्बिणीसाठी करतेय.

आप्पांना फोन केला.

"आप्पा, एक पडदा पाहिजे. पांढरा. दुर्बिणीसमोर लावायला."

"पांढरा म्हंजे कितपत?"

"जेवढा होईल तेवढा. त्याच्यापेक्षा पांढरं काही नसलं पाहिजे."

"कोन बघनार हाय?"

"ताऱ्यांच्या आधी दुर्बीण त्याच्याकडे बघते रोज."

आप्पांनी पडद्याची लांबी-रुंदी विचारून घेतली. मग म्हणाले, "मग नीट करतो की."

जॉबर विणत नाही. आप्पांनी कितीतरी वर्षांत स्वतः माग चालवला नव्हता. मालकाने त्यांना सुट्टीच्या दिवशी चादरीचा रुंद माग वापरू दिला. साधी वीण, ना काठ, ना नक्षी. तरी पडद्याला दोन पट्टे लागले, ते अव्वाने हाताने जोडले. शिवण दुर्बिणीला दिसत नाही, इतक्या जवळचं तिला धूसरच दिसतं, असं मी सांगितलं होतं. तरी अव्वाने टाके असे घातले की मलाच शिवण शोधावी लागली.

दिवाळीत मी ते न्यायला गेले तर कारखान्यात सत्कार ठेवलेला. माझा नव्हे, आप्पांचा. मालकाने त्यांना टॉवेल-टोपी दिली. आयुष्य टॉवेलांत गेलेल्या माणसाला टॉवेल. अव्वा म्हणाली, "बरं झालं. घरात टॉवेलच न्हवतं." आप्पांना ऐकू आलं नाही, ते कापडाची घडी छातीशी धरून फोटोसाठी ताठ उभे होते. तो फोटो आमच्या घरात देवळीच्या वर लावलाय, माझ्या पदवीच्या फोटोच्या शेजारी. त्याला हारही आहे. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, असं किती सांगितलं तरी अव्वा म्हणते, "हार कापडाला हाय."

डोममध्ये कापड लागलं. कुणीही पाहुणा आला की मी त्याला आधी दुर्बीण नव्हे, कापड दाखवायचे. "हे माझ्या वडिलांनी विणलंय." प्रमुखांनाही दाखवलं. ते म्हणाले, "वा." त्या एका शब्दावर मी किती दिवस काढले असतील.

माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी आहे. तीही घरातली पहिलीच शिकलेली. खेड्यातनं आलेली, कमी बोलणारी, आकड्यांत पक्की. ती एका जातीच्या ताऱ्यांचे वर्णपट घेत होती, म्हणजे ताऱ्याचा उजेड रंगारंगांत फाकवून प्रत्येक रंग किती आहे ते मोजायचं. तिला निळ्या भागात एक खळगा दिसला. रुंद, उथळ, आणि एकूण एक ताऱ्यात. असं पूर्वी कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तिच्यापेक्षा जास्त हरखले. एका परिषदेत आम्ही ते मांडलं. त्या जोरावर परदेशातल्या एका गटाने तिला पुढच्या कामासाठी बोलावणंही केलं.

त्याच सुमाराला ती एकदा माझ्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, स्टँडर्ड ताऱ्यातही तो खळगा दिसतोय."

स्टँडर्ड म्हणजे ज्याचा वर्णपट साऱ्या जगाला पाठ आहे असा तारा. तो आम्ही मापासाठी बघतो. त्याच्यात खळगा असूच शकत नाही. माझ्या जागी दुसरा कुणीही असता तर तेव्हाच थबकला असता.

मी म्हणाले, "तुझं गणित परत बघ."

तिने सगळं पहिल्यापासून परत केलं. कित्येक आठवडे गेले. खळगा तिथेच.

नंतर एका दुपारी ती मला डोममध्ये घेऊन गेली. डोम बंद, आत अंधार. तिच्या हातात नोटा तपासतात तसला जांभळा टॉर्च होता, बाजारातनं आणलेला. तिने तो आप्पांच्या कापडावर मारला, आणि कापड निळं पेटलं. टॉर्च फिरवला तसा तो निळा उजेड कापडावरून फिरला. फार सुंदर दिसत होतं ते. मला एका क्षणात सगळं कळलं. बाजारात पांढरं म्हणून जे विकतात त्याला व्हाइटनर दिलेला असतो. तो न दिसणारा जांभळ्यापलीकडचा उजेड पितो आणि निळा उजेड ओकतो, म्हणून कापड जास्तीचं पांढरं वाटतं. आमच्या पडद्यात निळा जास्त होता, आणि त्या जास्तीच्या निळ्याने आम्ही प्रत्येक तारा भागत होतो. म्हणून प्रत्येक ताऱ्यात निळा कमी. तिला सापडलं होतं ते ताऱ्यांतलं काही नव्हतं. ते आप्पांचं कापड होतं.

"तुला कधीपासून शंका होती?" मी विचारलं.

ती टॉर्चकडे बघत राहिली. "त्या स्टँडर्डपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की मॅडम." मग हळूच म्हणाली, "आणि ते कापड तुम्ही सगळ्यांना दाखवता. वडिलांचं म्हणून. मी कसं म्हणणार?"

मोजमाप वाया गेलं नाही, ते दुरुस्त करता आलं. पण दुरुस्त केल्यावर खळगा उरला नाही, आणि प्रबंधातलं मोठं प्रकरण गेलं. परदेशातल्या गटाला तिने स्वतःच खरं काय ते कळवलं, मला न विचारता. त्यांनी कौतुक केलं तिच्या प्रामाणिकपणाचं. नंतर ते बोलावणं मात्र तसंच विरून गेलं. डोममध्ये रंग दिलेला पत्र्याचा पडदा बसवला. आप्पांचं कापड मी घडी करून कपाटात ठेवलं आणि आप्पांना काही सांगितलं नाही.

आता आप्पा येणार म्हटल्यावर दुर्बिणीची देखभाल करणारे आमचे एक जुने सहकारी म्हणाले, "मॅडम, एक दिवस लावून टाकू परत. म्हातारा माणूस खूश होऊन जाईल. कुणाचं काय जातंय?"

मीही तोच विचार करत होते. खरं तर मी कपाट उघडून कापड बाहेरही काढलं होतं.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "शिडी मी धरते."

तिने ते अगदी साधं म्हटलं. टोमणा नव्हता. मला टोमणा चालला असता. ज्या कापडाने तिचं वर्ष खाल्लं तेच टांगायला ती शिडी धरणार होती, परत माझ्या वडिलांसाठी, म्हणजे माझ्यासाठी. मी कापड पिशवीत भरलं आणि म्हणाले, "नको. आप्पांना सांगते मी."

आले दोघं. आप्पा कडक इस्त्रीचा सदरा घालून, कपाळाला विभूती लावून. अव्वाने कडक भाकरी आणि शेंगाचटणी इतकी आणली होती की अख्ख्या संस्थेला पुरली असती. शिवाय एक नवी चादर, "तुज्या सायबासाटी." डोंगर चढताना गाडीत आप्पा एकसारखे बाहेर बघत होते. डोममध्ये शिरल्यावर दुर्बिणीकडे त्यांनी नीट बघितलंही नाही. पडद्याकडे बघितलं.

"हे माजं न्हाय," ते म्हणाले.

"नाही आप्पा. तुमचं काढलं."

"फाटलं?"

"नाही."

मी पिशवीतनं कापड काढलं. दिवे घालवले, मग मुलीने एक टोक धरलं, मी एक. दुसऱ्या हाताने तिने टॉर्च मारला.

अव्वा एकदम म्हणाली, "छंद ऐती." छान आहे, म्हणजे. आप्पा पुढे झाले. त्या निळ्या उजेडात हात घातला, काढला, परत घातला. त्यांचा सदराही बाहीजवळ निळा दिसायला लागला.

"व्हाइटनर हाय त्यो," ते म्हणाले. "दोनदा मारलाय. ब्लीच करनारा प्रोसेसवाला म्हनला एकदा बास झालं की. मी म्हनलं, न्हाय, माज्या पोरीनं सांगितलंय, ह्याच्यापेक्षा पांढरं काय नको." मग माझ्याकडे वळले. "मग? त्यानं काय झालं?"

इथे मी थांबू शकले असते. दुर्बिणीला चालत नाही, म्हणून बदललं, एवढं पुरलं असतं. तेही खरंच होतं. पण मला मोकळं व्हायचं होतं. मी दिवे लावले आणि सगळं सांगितलं. मोठ्या आवाजात, निम्मं हाताने, त्या मुलीसमोर. खळगा, परिषद, तिचं गेलेलं प्रकरण, परदेशातलं बोलावणं. डोममध्ये आवाज घुमतो. आपल्याच चुकीचा हिशोब आपल्यालाच दोनदा ऐकू येत होता.

आप्पा त्या मुलीपुढे गेले आणि हात जोडले.

"बाळ, लई नुसकान झालं की तुजं. माज्यामुळं."

ती कापडाचं टोक धरूनच मागे सरकली. "काका, असं काय करताय. तुमचं काय त्यात?"

"आप्पा," मी ओरडले, "मी सांगितलं होतं तुम्हाला, जेवढं पांढरं होईल तेवढं. हिने मला वेळेवर दाखवलं होतं. मीच हिला परत पाठवलं. चूक माझी आहे."

"तू गप," आप्पा म्हणाले. "मालात खोट निघाली की ती विननाऱ्याची. सांगनाऱ्याची नसती."

त्यांच्या कारखान्याचा तो नियमच होता. माग कुणी बिघडवला, सूत कसलं दिलं, कुणी विचारत नाही. खोट विणणाऱ्याच्या नावावर जाते. जॉबर म्हणून त्यांनी कितीतरी विणकरांची बाजू घेऊन मालकाशी वाद घातलेला मी लहानपणी ऐकलाय. "पोराचा दोष न्हाय सायेब, मागच ढिल्ला हाय." दुसऱ्यासाठी जे त्यांना पटत नव्हतं ते स्वतःला त्यांनी सरळ लावून घेतलं. मी परत सांगितलं. हाताने सांगितलं. त्यांनी मान दुसरीकडे केली. ऐकू न येणाऱ्या माणसाने मान वळवली की पुढे काही बोलता येत नाही.

इतके दिवस मी जे एकटी बाळगत होते ते मी त्यांच्या हातात दिलं होतं, आणि त्यांनी ते सगळंच्या सगळं घेतलं. माझ्याकडचं मात्र काही कमी झालं नाही.

साहेबांसाठी आणलेली चादर आप्पांनी त्या मुलीला दिली. साहेबांना भाकरी मिळाली. निघताना त्यांनी कापडाची पिशवी स्वतःच उचलली. "हितं कपाटात ठिवून काय करनार? घरी ऱ्हाऊ दे." स्टेशनवर मी पिशवी धरायला गेले तर त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

पंधरा-वीस दिवसांनी अव्वाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "टपरीवर लोकं इचारत्यात ह्यास्नी, कापड बघून आलासा का म्हनून."

"मग काय सांगतात आप्पा?"

"सांगत्यात की. बघून आलो. अंधारात निळं दिसतंय, म्हनत्यात. लोकं म्हनत्यात, वा वा."

आप्पा कधी कुणाशी असं अर्धंमुर्धं बोललेले मला आठवत नाहीत. मालकाशीही नाही. "बरं आहे आप्पा" म्हणायला मीच त्यांना शिकवलं, असं वाटलं.

"आणि कापड?" मी विचारलं.

"माळ्यावर हाय. डांबराच्या गोळ्या टाकल्यात."

ती मुलगी अजून इथेच आहे. प्रबंधाला मुदत वाढवून मिळाली, मीच त्यासाठी पळापळ केली, पण त्याचं मी कुणाला सांगत नाही. नव्या ताऱ्यांवर नवं प्रकरण लिहिते ती. कंट्रोल रूममध्ये फार गारठा असतो, तिथे आप्पांची चादर खांद्यावर घेऊन बसते. ठिकठिकाणी अर्ज करते. शिफारसपत्रांत मी तिच्याविषयी खरं लिहिते, की आपल्या गाइडची चूक तिने शोधली. ते तिच्या फायद्याचं ठरतं की तोट्याचं, मला अजून समजलेलं नाही.

आप्पा रविवारी फोन करतात. कापडाचं विचारत नाहीत आता. आधी विचारतात, "त्या पोरीचं काय झालं? लागली का कुटं?"

"बघतेय ती आप्पा. अजून नाही."

"बदली तरी?"

"तेही नाही अजून."

"बरं," ते म्हणतात, आणि फोन अव्वाकडे देतात.